अनंताची काडी

२९ जून, रविवार

भाऊनं घर विकलं. शोभावहिनींनी प्रेमलताला सांगितलं आणि प्रेमलतानं मला. वहिनींना म्हणे भाऊच म्हणाला होता, "धम्माले कळू दे." आमच्या घरात बातमी अशीच हातोहात येते. दोन घरांच्या मध्ये एक भिंत आहे, पण मला बातमी उमरेडहून आल्यासारखी शिळी मिळते.

शाळेत गुरुजी सांगायचे, राग आला की आधी शुद्धलेखन लिहा. म्हणून लिहितो आहे.

हा प्लॉट बाबांनी कोळसा खाणीतून रिटायर झाल्यावर घेतला आणि मधून भिंत घालून दोघा भावांना दोन घरं दिली. भिंतीत एक माणूस जाईल एवढी जागा मायनं मोकळी ठेवायला लावली. ती अजून आहे. तिथून आता मांजर आणि बायका जातात. भाऊ आता पुण्याला मुलाकडे, रोशनकडे जाणार, सहाव्या मजल्यावर. घर घेणारा अंगण खणून खाली पार्किंग काढणार आहे. दिवाळीनंतर ताबा.

अंगणात मायचा अनंत आहे. तिनं त्याची काडी माहेरून एसटीत, मांडीवर ओल्या फडक्यात धरून आणली होती. आता झाड माझ्या डोक्याच्या हातभर वर गेलं आहे, बारा महिने हिरवंगार. त्याचं पहिलं फूल माय बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायची आणि उरलेली वस्तीत वाटायची. बुंधा भाऊकडे, पण वरच्या फांद्या भिंतीवरून माझ्याकडे झुकल्या आहेत.

भाऊशी मी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी माय धंतोलीच्या दवाखान्यात होती. किडन्या थकल्या होत्या, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. मी नर्सबाईंकडून माप लिहून घ्यायचो. एक दिवस मी डॉक्टरांशी बोलत असताना भाऊनं सही केली आणि तिला घरी आणलं. घरी आणल्यावर मोजणं सोडलं. त्याच आठवड्यात माय गेली. त्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

मला तिचं झाड पाहिजे. अख्खं झाड निघत नाही, मुळं पाण्याच्या टाक्याखाली गेली आहेत. तेव्हा काडी लावायची. काडी लावायला असं काय लागतं.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावास सुरू झाला. सकाळी पांढरे कपडे घालून विहारात अष्टशील घेतलं. भंतेजी म्हणाले, तीन महिन्यांसाठी प्रत्येकानं काहीतरी मनात धरावं. कोणी तंबाखू सोडायचं धरलं, कोणी राग सोडायचं. मी अनंत धरला. राग सोडायचंही धरता आलं असतं, पण एका वेळी एकच झेपतं.

दुपारी स्टुलावर चढून माझ्या बाजूच्या फांद्या कापल्या. पलीकडे भाऊ खोकला. तो खोकला मी लहानपणापासून ओळखतो. त्याचा अर्थ, मी पाहून राहिलो. मीही खोकलो. त्याचा अर्थ, पाहा.

काड्या पेराखाली तिरक्या कापल्या, खालची पानं काढली, वरची अर्धी केली, कुंड्यांत खोवल्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या कापून वर उपड्या ठेवल्या. कुंड्या भिंतीलगतच्या बोळात पत्र्याखाली ठेवल्या, कारण तिथं ऊन येत नाही. सोपं काम आहे.

१३ जुलै

काही नाही.

दीक्षा म्हणते, "बाबा, तीन दिवसांत मूळ येत नसते."

"मी फक्त पाहिलं."

"तुम्ही उपटून पाहिलं."

पोरीला शिकवायला नको होतं असं नाही, पण शिकलेली पोर घरात असली की माणसाला स्वतःच्या बोळातही चोरासारखं वागावं लागतं.

२० जुलै, रविवार

या शहरात कोणी काडी लावताना दिसलं की लोक गाडी थांबवतात. आज एकानं मध लावायला सांगितलं, दुसऱ्यानं हळद, तिसऱ्यानं डोकेदुखीची गोळी कुटून घालायला. तिसऱ्याला मी विचारलं, डोकं कोणाचं दुखतं, माझं की काडीचं. तो रागावून गेला.

वाडीला मी कामाला आहे त्या गोदामाजवळ रोपवाटिका आहे. तिथला गिरिधर म्हणाला, "काकाजी, कायले डोकं खपवता? तयार झाड घेऊन जा. येत्या उन्हाळ्यात फूल."

"मला हेच पाहिजे."

"अनंत तं अनंतच असते ना."

हे त्याला समजावता आलं नाही. विहारात फुलांची गाथा म्हणताना आपण म्हणतो की जसं हे फूल कोमेजतं तसाच हा देह. मग एवढं कळत असताना मी एका विशिष्ट झुडपासाठी का तळमळतो, हा प्रश्न गिरिधरनं विचारला नाही, मीच घरी येताना बसमध्ये स्वतःला विचारला. उत्तर येण्याआधी स्टॉप आला.

संध्याकाळी दीक्षानं मोबाइलवर दाखवलं की खालची फांदी न तोडता वाकवून कुंडीत पुरतात आणि मुळं फुटल्यावर कापतात. दाब कलम म्हणतात. मी म्हटलं, खालच्या फांद्या सगळ्या भाऊच्या अंगणात आहेत.

"मग?"

हल्लीच्या मुलांना 'मग' खेरीज दुसरं काही येत नाही.

३१ जुलै

सगळ्या गेल्या. बुडाशी काळ्या पडल्या आणि ओढल्या तर साल हातात आली. माती इतकी ओली की मुठीत दाबली तर पाणी गळावं. वर पत्रा आहे, बाटल्या झाकलेल्या आहेत, आणि मी या आठवड्यात एकदाच पाणी घातलं. कुठून येतं हे पाणी? यंदा नागपूरची हवाच ओली आहे.

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा सुरुवात केली. चूक मातीची होती. काळी माती पाणी धरून ठेवते, हे शेतातल्या पोरालाही कळतं. कन्हान नदीची रेती आणली, धुतली, नारळाचा भुसा मिसळला. सीताबर्डीहून मुळं फुटायची पावडर आणली. प्रेमलता दारात उभी राहून पाहत होती.

"लग्नाचा बस्ता बांधाले एवढे फिरले नाही तुम्ही."

"तेव्हा बाबा होते फिरायला."

सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की या कुंड्यांना पाणी फक्त मी घालणार, आठवड्यातून दोनदा, तेही शिंपडून. दीक्षा बरं म्हणाली. प्रेमलताही बरं म्हणाली. तिचं 'बरं' इतकी वर्षं झाली तरी मला नीट कळलेलं नाही.

९ ऑगस्ट, पौर्णिमा

पानांवर पिठासारखे पांढरे किडे. शेजारी म्हणाले औषध फवारा, अर्ध्या तासात साफ. आज उपोसथाचं व्रत आहे, जीव कसा घेऊ? रंगाच्या कुंचल्यानं एकेक उचलला आणि मोकळ्या प्लॉटवरच्या गाजरगवतावर नेऊन सोडला. मनात म्हटलं, तिथं सुखी राहा.

प्रेमलता म्हणते, "थे संध्याकाळची बस पकडून वापस येतात."

संध्याकाळी पाहिलं. आलेले होते.

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा ओलं. रेतीतही ओलं. मी गुरुवारपासून थेंब घातलेला नाही. नळवाल्याला बोलावलं, त्यानं बोळातली पाइप हातानं चाचपली आणि म्हणाला, कोरडी ठणठणीत आहे. भिंतीला ओल नाही. पत्रा गळत नाही.

आणखी एक गोष्ट. बाटल्यांवरची लेबलं मी बाहेरच्या बाजूला करून ठेवतो. आज त्या सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. मांजर बाटली उचलत नाही, आणि उचलली तर परत ठेवत नाही.

दीक्षाला विचारलं. ती तिच्या आईकडे पाहू लागली. आईनं पोळी उलटली. दोघी हसल्या नाहीत, पण हसायच्या बेतात होत्या. माझ्या कष्टांचं या घरात कोणाला काही नाही.

२३ ऑगस्ट

आज मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. शहरभर ढोल आणि आरडाओरडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. गोदामापर्यंत आवाज येत होता. माझ्या मनात आलं, बुरशीही घेऊन जा. मग लाज वाटली, आम्ही हे मानत नाही. माणूस वैतागला की काय काय मानायला लागतो.

काड्यांपैकी निम्म्या काळ्या झाल्या. उरलेल्यांतल्या बऱ्या कुंड्या उचलून गच्चीवर नेल्या आणि जिन्याच्या दाराला कडी लावली. आता हवा, पाणी, मांजर, बायका, कोणाचाही संबंध नाही. थोड्या बोळातच ठेवल्या, कारण दोन्ही हात भरले होते आणि कंबर धरली.

३० ऑगस्ट

पाऊस उघडला आणि गच्चीवरच्या काड्या बाटलीत शिजल्या. पानं पापडासारखी. रेती भट्टीतून काढल्यासारखी कोरडी. पाणी ठरवल्याप्रमाणेच घातलं होतं, नेमका वार पाळून.

खाली पाण्यानं मरतात, वर पाण्यावाचून मरतात. मध्यम मार्गावर मी विहारात दोनदा बोललो आहे, लोकांनी मान डोलावली होती. तो कुंडीत कसा काढायचा हे मला माहीत नाही.

भाऊच्या घरासमोर आज खोके येऊन पडले. बांधाबांध सुरू झाली.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज अक्षर बिघडेल.

वाडीच्या रस्त्यावर ट्रक उलटला, माल आलाच नाही, साहेबांनी दुपारीच सोडलं. घरी आलो तर बोळात भाऊ. लुंगी, बनियन, हातात स्टीलचा जग. गुडघ्यावर बसून त्यानं एक बाटली उचलली होती आणि काडीच्या बुडाशी हळूहळू पाणी सोडत होता, तापलेल्या पोराला पाजतात तसं. तोंडानं काहीतरी बोलतही होता.

दोन वर्षांत मी त्याच्याशी पहिलं वाक्य बोललो ते हे:

"काहून पानी टाकून राहिला गा?"

तो दचकला, पण जग सोडला नाही. "मंग कोन टाकते? दिवसभर पाहतो, कुत्रंबी फिरकत नाही इकडे. तहानल्या होत्या."

"त्याईले एवढं पानी नाही लागत."

"जीव हाय ना त्याईच्यात? मंग लागते."

"रोज टाकतो?"

"दुपारी. ऊन जास्त असलं तं चार वाजता अखीन."

"जुलैपासून?"

"तू लावल्या तवापासून. मले वाटलं, एखादी जगली तं मागीन तुले." मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "नाही तं मागीतली नसती. पाहिली असती नुसती."

हे मला आत्ता लिहिताना ऐकू येतं आहे. तेव्हा मला ऐकूच आलं नाही. मला फक्त ती भिजलेली रेती दिसत होती, सीताबर्डीची खेप, कन्हानची धुतलेली रेती, सगळा पावसाळा. मी ओरडलो, "पान्यानंच मेल्या त्या, भाऊ. तू मारल्या पानी पाजू पाजू. मोजून द्या लागते. सांगनाऱ्यानं मोजून सांगतलं तं मोजूनच द्या लागते."

भाऊनं बाटली काडीवर परत ठेवली, नीट, लेबल भिंतीकडे. उठायला त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"ओठ फाटले होते तिचे, धम्मा," तो म्हणाला. "पानी दे म्हने. मले म्हने, तुले तं म्हनतच नव्हती. तू बाहेर कागद घेऊन उभा होता." आणि भिंतीतल्या जागेतून पलीकडे गेला.

मी काड्यांबद्दल बोलत होतो.

५ सप्टेंबर

प्रेमलताला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तं तुम्ही त्याईचं येनं बंद केलं असतं."

दीक्षालाही माहीत होतं. शोभावहिनींना तर पहिल्यापासून. त्या म्हणे प्रेमलताला म्हणाल्या, येऊ दे वं, घरात नुसते छताकडे पाहत बसून राहतात, तिथं गेले की बोलतात तरी. सगळ्या घरानं मिळून मला अडाणी ठेवलं आणि मी नळवाल्याला पैसे दिले.

काड्यांशी काय बोलतो तो, हे मी विचारलं नाही.

विहारात ग्रंथवाचन होतं. बसलो, पण एक पानही डोक्यात गेलं नाही. माय मला पाणी मागत नव्हती ही गोष्ट खरी आहे. मला वाटायचं, तिला तहानच लागत नाही. मी तसं डॉक्टरांनाही सांगितलं होतं.

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा

सकाळी वंदना झाली आणि पाहतो तर भाऊ भिंतीच्या जागेत उभा, अर्धा इकडे अर्धा तिकडे. आत ये म्हणायचं माझ्या तोंडावर आलं नाही. त्यालाही ते नको होतं.

"दीक्षा म्हने, फांदी न तोडता कुंडीत दाबतात. खालची हाय एक लांब. या फटीतून येते."

म्हणजे तो दीक्षाशीही बोलतो. ठीक आहे.

कुंडी त्या मोकळ्या जागेतच ठेवावी लागली, कारण फांदी तेवढीच पोचत होती. दोन तास लागले. दीक्षा म्हणते हे वीस मिनिटांचं काम आहे, पण तिनं दोन भावांना एका कुंडीत काम करताना पाहिलेलं नव्हतं. साल किती खरवडायची यावर भांडण. फांदी किती खोल पुरायची यावर भांडण. वर वीट ठेवायची की दगड यावरही. मी म्हणालो वीट पाणी शोषते. तो म्हणाला, "तू अन् तुहं पानी." शेवटी दगड ठेवला.

"माय तं काडी खुपसे अन् निंगून जाये," भाऊ म्हणाला. "तिले कोन शिकवलं होतं?"

"आता हिला पाणी घालायचं नाही," मी म्हणालो. "फांदी झाडालाच आहे. झाडच तिला पाजतं."

"मंग मी काय करू?"

"काही नाही करायचं."

"थेच मले जमत नाही."

बायकांची वाट कुंडीनं अडली. आता वहिनींना वाटीभर साखर मागायला रस्त्यावरून वळसा घालून यावं लागतं. त्याबद्दल दोघींनी आम्हांला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीला जाऊन आलो, पाय दुखतात. उमरेडकडचे पाहुणे दोन्ही घरांत झोपले आहेत, कोण कोणाकडे याचा हिशेब नाही. जेवणं झाल्यावर मामेभाऊ हात धुवायला जागा शोधत बोळात गेला आणि नेमकी त्या कुंडीत चूळ टाकली. मी इकडून ओरडलो, भाऊ तिकडून ओरडला, एकाच वेळी, एकच शिवी. माझं शील तिथंच तुटलं. मामेभाऊ बिचारा म्हणाला, "बापा, कुंडीच तं हाय. तुम्ही दोघं बोलत नाही म्हने ना?"

७ ऑक्टोबर

वर्षावास संपला. फांदीच्या टोकाला नवं पान आलं, कोवळं, तेल लावल्यासारखं चकचकीत. भाऊला दाखवलं. तो म्हणाला, थे झाडाच्या जोरावर हाय, मुळाच्या नाही. पटलं, म्हणूनच चिडलो.

२ नोव्हेंबर, रविवार

ताबा पुढच्या आठवड्यात. आणखी थांबणं शक्य नव्हतं. बोटानं माती बाजूला केली तर पांढरे दोरे दिसले, शेवयांसारखे. खूप नव्हते. पुरेसे आहेत की नाही ते गिरिधर सांगू शकला असता, पण आज त्याची सुट्टी.

फांदी कापायचं सिकेटर भाऊकडे दिलं. त्यानं परत माझ्याकडे दिलं. मी पुन्हा त्याच्याकडे. वहिनी पलीकडून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच कापा. याईनं कापलं तं सात दिवस जेवनार नाहीत."

मी कापलं. काही आवाज झाला नाही, साधा खट. कुंडी सरकवून माझ्या बाजूला घेतली आणि वाट मोकळी झाली. दुपारपर्यंत पानं लुळी पडली. भाऊ तीनदा आला, हात मागे बांधून. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, थोडं घाल. त्यानं ओंजळीतून घातलं आणि विचारलं, "एवढं बरं हाय ना?" मला काय माहीत. मी बरं म्हटलं.

५ नोव्हेंबर

पानं उभी राहिली.

९ नोव्हेंबर, रविवार

भाऊ-वहिनी गेले. ऑटो दारात, खोके ट्रकनं आधीच गेले होते. मी कुंडी बाहेर आणली आणि ऑटोत त्याच्या पायाशी ठेवली. म्हटलं, घेऊन जा. माय तुझ्याकडेच राहत होती, झाडही तुझ्याच अंगणातलं. हे वाक्य मी रात्रभर जुळवलं होतं आणि ते नीट बोलता आलं.

त्यानं कुंडी पाहिली. पानावरचं काहीतरी बोटानं पुसलं. तिथं काही नव्हतं.

"मी नेलो तं मरते हे," तो म्हणाला. "मले पानी टाकल्याबिगर राहवत नाही, धम्मा. तुले मोजता येते. तू ठेव."

ऑटोवाला म्हणाला, काका, गाडी चुकन. मी कुंडी उतरवून घेतली. मला त्याला सांगायचं होतं की मोजून मी काय मिळवलं. ते वाक्य जुळवलेलं नव्हतं. ऑटो वळला.

१३ नोव्हेंबर

सकाळी खणायचं मशीन आलं. मी कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर स्वयंपाकघरात उजेड जास्त वाटला. पलीकडे नुसता खड्डा. नव्या मालकानं भिंतीतली वाट विटांनी बुजवली आहे, गिलावा अजून केलेला नाही. प्रेमलता त्या विटांकडे पाठ करून भांडी घासत होती आणि पाणी बराच वेळ नुसतंच वाहत होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाऊचा रोज फोन येतो, संध्याकाळच्या वंदनेनंतर. वैताग आहे. तब्येत विचारत नाही, दीक्षाच्या परीक्षेचं विचारत नाही. पहिलं वाक्य एकच, "पानी टाकलं का गा?" मी सांगतो, नाही, माती ओली आहे, गरज नाही. मग तो "बरं" म्हणतो आणि ठेवतो.

आज फोन आला तेव्हा मागे टीव्ही नव्हता, रोशनची पोरं नव्हती. वारा येत होता, बहुतेक गॅलरीत उभा असावा. म्हणाला, इथं कुंड्या हायेत, पन साऱ्या प्लास्टिकच्या झाडाच्या. मग विचारलं, "पानी टाकलं का?"

मी सकाळीच बोट घालून पाहिलं होतं. ओली होती.

"टाकलं," मी म्हटलं.

"टाकलं? किती?"

"थोडं."

"बरं केलं," भाऊ म्हणाला, आणि मग त्यानं फोन ठेवलाच नाही. पुण्याच्या थंडीबद्दल बोलला, लिफ्टबद्दल, खालच्या मजल्यावरच्या एका वर्धेच्या माणसाबद्दल, जो सावजी मसाला कुठं मिळतो ते जाणतो. प्रेमलता दोनदा डोकावून गेली. शेवटी वहिनींनीच त्याच्या हातातून फोन घेतला.

खोटं न बोलण्याचं शील मी आजवर बऱ्यापैकी पाळत आलो आहे. म्हणून उठलो, बाहेर गेलो आणि अर्धी वाटी पाणी घातलं. गरज नव्हती.